ज्यांच्या डोक्यावरून आपले घर चढले

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने चार शब्द बोलावेत अशी आपल्या मंडळाची रीत आहे. मागे परसातल्या भाजीपाल्यावर बोलणे झाले, बाळंतिणीच्या आहारावर झाले. यंदा चिटणीसबाईंनी मला 'घरखर्चाचा मेळ' हा विषय दिला होता. मी त्यांना म्हटले, "बाई, मी मेळावरच बोलते, पण जरा निराळ्या मेळावर. घर बांधताना विटा, रेती, लोहा, सिमेंट ह्यांचा हिशेब आपण पैन्‌पै लिहून ठेवतो. त्या घरासाठी जी माणसे शिडीवर चढतात त्यांचा हिशेब मात्र आपल्या कोणाच्याच वहीत नसतो. त्यावर मला बोलू द्या." त्या म्हणाल्या, "बोला, पण जेवणाला उशीर करू नका." तेव्हा मी वेळेचे भान ठेवूनच बोलणार आहे.

बांधकाम हा पुरुषांचा विषय आहे असे काहीजणींना वाटेल. मलाही वाटत असे. पण घर बांधायला काढले म्हणजे घरी कोण असते? घरधनी वावरात जातो, नोकरीवर जातो, दुकानात जातो. सकाळी आठापासून दिवस बुडेपर्यंत मिस्त्री आणि रेजा ह्यांच्यासमोर उभी असते ती घरातली बाई. पाणी तीच देते, चहा तीच करते, सिमेंटच्या थैल्या तीच मोजते आणि ठेकेदार आला नाही तर फोनही तीच लावते. म्हणून मी म्हणते, बांधकामाच्या त्या तीन-चार महिन्यांत कामावरची खरी मालकीण आपणच असतो. मालकीण म्हटले की मान आला, आणि मानाबरोबर जबाबदारीही आली.

आपल्या नागभीडमध्ये सध्या कोणत्याही गल्लीत जा, रेतीचा ढीग दिसतोच. मातीच्या भिंती आणि कवेलूची छपरे जाऊन तेथे स्लॅब येत आहेत. कोणाचे घरकुल मंजूर झाले, कोणी धानाच्या पैशांतून एक खोली वाढविली. गावाबाहेर मोठी कामे निघाली ती वेगळीच. नागपूरला जाणारी आपली लहान गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली आणि तो मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले. गोसेखुर्दच्या कालव्यांची कामे तर आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. ह्या सगळ्या कामांवर जाणारी माणसे परकी नाहीत. धान निघाले की आपल्या भागातल्या कितीतरी बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. ज्यांची लेकरे लहान आहेत किंवा सासू आजारी आहे त्या गावातच राहतात आणि रेजा म्हणून डोक्यावर घमेले घेतात. आज आपल्या शेजारी रोवणीला असलेली बाई उद्या आपल्याच घराच्या स्लॅबवर माल वाहते.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगते. ती सांगणे मला सोपे नाही, कारण तिच्यात माझे कौतुक होण्यासारखे काही नाही.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या घराचा स्लॅब पडला. पावसाआधी छप्पर व्हावे म्हणून घाई होती. सकाळीच नारळ फोडला, मजुरांसाठी जिलेबी आणली. मिक्सर सुरू झाला आणि खालून वर माल जाऊ लागला. वर चढायला बांबूंवर फळ्या टाकून उतार केलेला होता. त्या फळ्या एका बाजूला बांधलेल्या होत्या, दुसऱ्या बाजूला नुसत्या टेकविलेल्या होत्या. मी ते सकाळी पाहिले होते. पाहिले आणि मनात म्हटले, हे लोक रोजच करतात, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

माल वाहणाऱ्यांत तिशीतली एक रेजा होती. तिचे नाव मी येथे घेत नाही. मोठी हसतमुख बाई. ती मला 'बाई' म्हणे आणि प्रत्येक वाक्याला 'जी' लावी. दुपारी एकच्या सुमारास ती भरलेले घमेले घेऊन चढत असताना फळी सरकली. दहा फुटांवरून ती खाली पायांवर पडली आणि तेथून विटांच्या ढिगावर कोसळली. आम्ही धावलो. तिने पहिले शब्द काढले ते असे: "काही नाही जी, थोडा मार लागला. काम चालू द्या." टाचेचे हाड चिरले होते, हे मागाहून दवाखान्यात कळले.

तिला ऑटोत घालून पाठविले. मग ठेकेदाराने माझ्याकडे पाहिले. अर्धा स्लॅब पडला होता. स्लॅबचे काम मध्येच थांबले तर जुन्या आणि नव्या मालाचा सांधा नीट धरत नाही आणि पुढे तेथून पाणी गळते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आता काम थांबवू नका." काम थांबले नाही. तीच फळी परत उचलून टेकविली आणि दुसरी बाई तिच्यावरून चढू लागली. भगिनींनो, माझ्या घराचा स्लॅब आजवर एक थेंबही गळलेला नाही. पण पहिला पाऊस आला की मला त्या फळीची आठवण होते.

आठ दिवसांनी तिचा नवरा आला, दवाखान्याचा कागद घेऊन. मी त्याला ठेकेदाराकडे पाठविले. ठेकेदार म्हणाला, "ती माझ्या हजेरीत नव्हती, मुकादमाने आणली होती." मुकादम म्हणाला, "मी फक्त माणसे आणून देतो." तो पुन्हा आमच्या दारात आला तेव्हा मी त्याला दोन हजार रुपये दिले आणि आपण चांगले केले असे मला वाटले. त्या वर्षी ती रोवणीला जाऊ शकली नाही. पायावर जोर देता येत नाही तिला चिखलात कोण उभी करणार? एका फळीपायी त्या घरातला रोवणीचा आणि कापणीचा सगळा पैसा गेला.

आता दुसरा भाग, आणि तो आपल्यापैकी पुष्कळजणींचा आहे. बांधकाम कामगारांसाठी भांड्यांचा संच मिळतो, ही बातमी गावात आली तेव्हा काय धांदल उडाली होती, आठवते ना? एका ओळखीच्या माणसाने माझ्याकडून हजार रुपये घेतले आणि म्हणाला, "बाई, सही-शिक्क्याचे मी पाहतो." झाले, मी बांधकाम कामगार झाले. मी आयुष्यात घमेले उचलले ते शेणाचे. पण कागदावर मी नव्वद दिवस विटा वाहिल्या होत्या.

२०२४ च्या सुरुवातीला भांडी घ्यायला गेले. मोठी रांग होती, आणि रांगेत आपल्या मंडळाच्या चार-पाच जणी होत्या. मी त्यांच्याकडे पाहत नाही, त्यांनीही माझ्याकडे पाहू नये. संच घेऊन बाहेर आले तर कडेला, भिंतीला टेकून, ती बसलेली. टाच अजून नीट टेकत नव्हती. कार्ड निघते काय म्हणून विचारायला आली होती. तिच्याजवळ नव्वद दिवसांचा दाखला नव्हता, कारण ज्यांच्याकडे काम केले त्यांतला एकही सही द्यायला तयार नव्हता. तिने माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चांगली आहेत जी भांडी." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. जी माझ्या घरावरून पडली तिच्याजवळ कार्ड नाही, आणि जी सावलीत उभी राहून पाहत होती तिच्याजवळ आहे. हा कुठला मेळ?

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या नव्वद दिवसांच्या मागे लागले. तिच्याशी बसून वर्षभरात कोठे कोठे काम केले ते वहीत लिहिले. पाय थोडा बरा झाल्यावर ती बसून करण्याची कामे करीत होती: गिट्टी वेचणे, लोह्याच्या कड्या बांधणे, भिंतींवर पाणी मारणे. शाळेच्या खोलीचे काम, नालीचे काम, रस्त्याच्या पुलियाचे काम, असे जोडत गेलो तो दिवस नव्वदांच्या वर भरले. मग दाखल्यासाठी पाच चकरा झाल्या. एकट्या बाईला 'उद्या या' म्हणणे सोपे असते, तेच आम्ही दोघी-तिघी गेल्यावर अवघड झाले. सहाव्या चकरेला दाखला मिळाला आणि तिचे कार्ड निघाले. परंतु जुन्या अपघाताचे त्यातून काही मिळाले नाही. छत्री पाऊस येण्याआधी घ्यावी लागते.

माझे कार्ड मी पुढे चालविले नाही. भांडी तिच्या घरी घेऊन गेले. तिने बाकीची परत केली आणि फक्त कुकर ठेवून घेतला. म्हणाली, "डाळ लवकर शिजते जी, फार वेळ उभं राहवत नाही." बाकीची भांडी मी आपल्या मंडळाला दिली. आज ज्या पातेल्यात आपला भात शिजतो आहे ते त्यातलेच आहे. हे सर्वांसमोर सांगून टाकले, आता मला जरा मोकळे वाटते.

हे कार्ड कसले, हे नीट समजून घेऊ. पूर्वी बांधकामावरच्या मजुराला कोणी वाली नव्हता. गिरणीत काम करणाऱ्याला गिरणी असते, दरवाजा असतो, हजेरी असते. बांधकामाचा मजूर आज ह्या घरावर, उद्या त्या पुलावर. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी आणि मजुरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी केली, तेव्हा १९९६ साली संसदेने ह्या मजुरांसाठी कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर उपकर घ्यावा आणि तो पैसा मजुरांसाठीच वापरावा, अशी त्यात तजवीज झाली. आपल्या राज्यात हा उपकर एक टक्का ठरला, आणि त्यातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात. अठरा ते साठ वर्षांचा, वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेला कोणीही मजूर, बाई असो की पुरुष, नाव नोंदवू शकतो. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, फोटो आणि नव्वद दिवसांचा दाखला एवढे लागते. नोंदणीची फी एक रुपया आहे, हजार रुपये नाही. कामावर मृत्यू आला तर वारसाला पाच लाख रुपये, बाळंतपणाला पंधरा हजार, शस्त्रक्रियेने झाले तर वीस हजार, पहिली ते सातवीच्या लेकरांना शिक्षणासाठी वर्षाला अडीच हजार, अशा योजना आहेत. भांडी ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट. आपण ती लहान गोष्ट तेवढी पाहिली आणि मोठ्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांना रांगेत मागे ढकलले.

आता कायद्यातली एक गोष्ट आपणांस मुद्दाम सांगते. १९९६ च्या कायद्यात स्वतःला राहण्यासाठी बांधलेले, दहा लाखांपर्यंत खर्चाचे घर वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत ही मर्यादा पन्नास लाख झाली. म्हणजे मोठी इमारत, पूल, धरण येथे कायदा जातो, आणि तुमच्या-आमच्या घराच्या उंबरठ्याशी तो थांबतो. गरिबाच्या घराला जाच नको म्हणून हे केले असेल, त्याला माझी तक्रार नाही. पण ह्याचा अर्थ असा की आपल्या घराची फळी बांधली आहे की नाही हे पाहायला कोणी साहेब येणार नाही. तेथे कायदा म्हणून उभे राहायचे ते आपणच.

मोठ्या कामांवर सर्व सुरळीत आहे असे मात्र समजू नका. आपल्या नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग आपण पाहिला. त्याच महामार्गाच्या कामावर ३१ जुलै २०२३ च्या रात्री ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ पुलाचे गर्डर उचलणारे यंत्र कोसळले आणि वीस माणसे मेली. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला पावसात एका सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली. पंधरा जण झोपेत गेले, त्यांत लेकरेही होती. ते कामावर नव्हते, झोपलेले होते. म्हणजे मजूर कोठे झोपतो हेही पाहावे लागते. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात एकेचाळीस मजूर सतरा दिवस अडकले तेव्हा आपण सगळ्या रोज संध्याकाळी बातम्या पाहत होतो. ते सुखरूप बाहेर आले तेव्हा आपण पेढे वाटले. त्या परक्या मुलखातल्या मजुरांसाठी आपला जीव इतका कळवळला, आणि आपल्या अंगणातल्या रेजाच्या पायाखालची फळी आपण पाहिली नाही, ह्याला काय म्हणावे?

आता काय करावयाचे ते सांगते. ह्यातले बरेचसे मी त्या बाईकडून आणि जुन्या मिस्त्रींकडून शिकले.

पहिली गोष्ट बांबूची आणि दोराची. मागच्या पावसात भिजलेला, भुंग्याने पोखरलेला बांबू परांचीला लावू देऊ नये. दोर नवा आणावा. काही शेकड्यांत काम होते, तेवढे पैसे आपण स्लॅबच्या दिवशीच्या जिलेबीला घालतो. उताराची फळी दोन्ही टोकांना बांधलेली पाहिजे, रुंद पाहिजे, आणि बाजूला हात धरायला एक आडवा बांबू पाहिजे. काम सुरू होण्याआधी आपण स्वतः जाऊन ती हलवून पाहावी. हलली तर मिक्सर सुरू करू देऊ नये. काम सुरू होण्याआधी थांबविले तर स्लॅब बिघडत नाही, हे मला फार उशिरा कळले.

दुसरी गोष्ट विजेची. मिक्सरची किंवा पंपाची वायर पाण्यातून जाऊ देऊ नये, सोललेली जागा उघडी ठेवू नये. घरावरून विजेची तार जात असेल तर लोह्याची लांब सळाख उभी करण्यापूर्वी वीज मंडळाकडे जाऊन ती तार हलविण्यासाठी किंवा तेवढा वेळ लाईन बंद ठेवण्यासाठी अर्ज करावा. सळाख तारेला लागली तर मिस्त्रीला 'आई' म्हणायलाही वेळ मिळत नाही.

तिसरी गोष्ट संडासाच्या टाकीची. ही लक्ष देऊन ऐका. नवी टाकी बांधली, वरून स्लॅब टाकला, पंधरा-वीस दिवसांनी आतल्या फळ्या काढायला एखादे पोर त्या छोट्या तोंडातून आत उतरवितात. टाकी नवी आहे, त्यात घाण नाही, मग धोका कसला, असे वाटते. पण बंद टाकीत ओले लाकूड कुजत असते आणि आतली श्वासाची हवा संपून जाते. आत उतरलेला माणूस हाकही मारू शकत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तसाच पडतो. म्हणून झाकणे आदल्या दिवसापासून उघडी ठेवावीत, पंखा लावून हवा आत सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याचे टोक बाहेरच्या दोघांच्या हाती द्यावे. आणि आतला माणूस पडला तर कोणीही मागोमाग उडी घालू नये, दोराने ओढावे. खड्डा किंवा विहीर खणतानाही तसेच, काढलेली माती काठावरच रचू नये, पावसाने काठ ढासळतो.

चौथी गोष्ट उन्हाची. आपल्या ब्रह्मपुरीचे आणि चंद्रपूरचे नाव उन्हाळ्यात देशभर गाजते. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर असताना आपण कूलरपुढे बसतो आणि मजूर तापलेल्या लोह्याला हात लावतो. बारा ते चार सुट्टी द्यावी, त्याऐवजी काम पहाटे सुरू करावे. एक हिरवे कापड बांधून सावली करावी. माठ भरलेला असावा, आणि दुपारी मीठ-साखरेचे पाणी किंवा कैरीचे पन्हे द्यावे. कोणाला चक्कर आली, अंग तापून घाम थांबला, बोलणे बरळू लागले तर 'जरा पडून राहा' म्हणू नये. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

पाचवी गोष्ट सिमेंटची. ओला सिमेंट हातापायांची कातडी खातो. रेजांच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या आहेत तुम्ही? रबरी हातमोजे आणि बूट महाग नाहीत. फरशी कापताना उडणारी बारीक धूळ छातीत जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. कापताना पाणी सोडायला सांगावे आणि नाकातोंडाला कापड बांधायला लावावे. डोक्यावर टोपी पाहिजे ती वेगळीच. आपण पोराला गाडीवर हेल्मेट घाल म्हणून ओरडतो, तसेच मिस्त्रीलाही ओरडावे. तो हसेल, पण घालेल.

सहावी गोष्ट फक्त आपण बायाच बोलू शकतो. कामावरची रेजा दिवसभर पाणी कमी पिते. का? कारण तिला जायला जागा नसते. पुरुष कोठेही आडोशाला जातात, ती संध्याकाळपर्यंत दम धरते. भर मे महिन्यात पाणी न पिता विटा वाहते, आणि मग लघवीची जळजळ, ताप, कंबरदुखी. आपल्या घराचा संडास तिला वापरू द्यायला आपले काय जाते? "माझा संडास वापर हो, लाजू नको," हे एक वाक्य पहिल्या दिवशी बोलावे. पोटुशी असलेल्या बाईला परांचीवर चढू देऊ नये, तिला खालचे काम द्यावे. आणि पुरुषाएवढेच काम करणाऱ्या बाईला कमी रोजी का, हे ठेकेदाराला विचारावे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, आणि नव्या वेतन संहितेतही ते तत्त्व ठेवलेले आहे.

तिच्या लेकरांचे काय? दिल्लीला १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीसाठी राजघाटाजवळ बांधकाम चालले होते. तेथे मीरा महादेवन नावाच्या बाईंनी धुळीत पडलेली मजुरांची लेकरे पाहिली आणि तंबूत पाळणाघर सुरू केले. पुढे ते काम मोबाइल क्रेशेस म्हणून मुंबईला आणि पुण्यालाही पोचले. त्या बाईंनी आधी इमारत मागितली नाही, आधी तंबू मागितला. आपल्याला तर तंबूही नको. स्लॅबच्या दिवशी शेजारच्या ओसरीवर एक चटई, दोन खेळणी, थोडे मुरमुरे आणि लक्ष ठेवायला एक आजी, एवढ्यावर भागते. रेतीच्या ढिगावर, मिक्सरच्या चाकाजवळ लेकरू खेळत असेल तर आईचे लक्ष फळीवर राहत नाही, हेही अपघाताचे कारण आहे.

ह्यावर काही बहिणी म्हणतील, ठेकेदार आपले ऐकत नाही. खरे आहे, काम सुरू झाल्यावर ऐकत नाही. ठेका देण्याच्या वेळी ऐकतो, तेव्हा पैसे आपल्या हातात असतात. त्या वेळी एका कागदावर लिहून घ्यावे: दोर नवे राहतील, फळ्या बांधलेल्या राहतील, कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत लिहिले जाईल, अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोण करील. "ती माझ्या हजेरीत नव्हती" हे वाक्य ज्या कागदामुळे म्हणता येणार नाही, तो कागद सिमेंटच्या पावतीइतकाच जपून ठेवावा. आणखी एक, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण मिळते. स्लॅबच्या दिवशी आपण नारळ फोडतो. नारळ अवश्य फोडावा, पण कामावरच्या प्रत्येकाचा हा विमा आहे काय हेही विचारावे. नसेल तर त्याचे वीस रुपये आपण भरावेत. देवालाही ते आवडेल.

आपल्या मुलखात कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव आहेत. त्यांच्या पाण्यावर आजही आपले धान पिकते. मालगुजारांची नावे आपल्याला माहीत आहेत, त्या पाळीवर माती वाहणाऱ्या एका बाईचेही नाव कोणाला माहीत नाही. नाव राहिले नाही तर न राहो, पण माणूस तरी राहिला पाहिजे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना म्हणणारी आपण माणसे. त्यांनी श्रमाला देव मानले, तर आपण श्रम करणाऱ्याच्या पायाखालची फळी पाहू नये काय?

शेवटी मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, मंडळात एक वही ठेवावी. ज्या सभासदेच्या घरी बांधकाम निघेल तिने ते कळवावे, आणि काम सुरू होण्याच्या दिवशी आपल्यातल्या दोघींनी जाऊन फळ्या, दोर आणि वायर पाहून यावे. दोन, महिन्यातून एक दिवस आपण रेजांसाठी बसावे, त्यांचे दिवस वहीत मांडून द्यावेत आणि दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर जावे. त्यांना लिहिता येत नाही असे नाही, त्यांना चकरा मारायला रोजी बुडवावी लागते. तीन, आपल्यापैकी जिने घमेले उचललेले नाही तिने कामगाराचे कार्ड काढू नये, आणि काढले असेल तर पुढे चालवू नये. ही तिसरी सूचना कडू आहे, पण ती मी स्वतः आधी गिळली आहे.

ती बाई आज येथे आली आहे. आपल्या मंडळाची सभासद झाली आहे. तिचा पाय अजून दुखतो, विशेषतः ढग आले की. पुढे येऊन बस म्हटले तर आली नाही, मागे दाराजवळ बसली आहे. जेवणाच्या वेळी मात्र तिला पहिल्या पंगतीत बसवायचे आहे, आणि वाढायला मी उभी राहणार आहे.